बिऱ्हाड गेले, सामान राहिले

प्राध्यापकाने यंत्राच्या वाटेला जाऊ नये, असे आमच्या घरात एकमुखाने ठरलेले मत आहे. ह्या मतात मीही सामील आहे. खडू, फळा आणि पुस्तक एवढ्यावर माझा तास निभतो. वीज गेली तरी कविता अडत नाही. असे असूनही गेल्या पावसाळ्यात मी एका यंत्राच्या वाटेला गेलो, आणि त्यातून जे निघाले ते वाचकांना सांगावे म्हणून लिहायला बसलो आहे.

त्याचे असे झाले. मी राहतो सफाळ्याला आणि शिकवायला जातो पालघरला. मध्ये केळवे रोड हे एकच स्टेशन. २०१३ साली लोकल गाडी विरारच्या पुढे डहाणूपर्यंत धावू लागली, तेव्हापासून ह्या प्रवासातला वनवास थोडा कमी झाला आहे. माझ्या वर्गातली एक मुलगी त्याच गाडीला असते. तिचे वडील भाजीच्या पाट्या घेऊन पहाटेच्या गाडीने मुंबईकडे जातात. घरात मोबाइल एकच, आणि तोही पाट्यांबरोबर पहाटेच निघून जातो. मुलगी हुशार. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा, टिपणे काढायची, तर साधन नाही. माझ्याकडे जुना लॅपटॉप पडून होता. तो तिला द्यावा असे ठरले.

देण्यापूर्वी त्यात आपले काही राहू नये, एवढी अक्कल मला होती. प्रश्नपत्रिका, लेख, फोटो पेन ड्राइव्हवर काढून घेतले. मग ब्राउझरकडे वळलो. सेटिंग्जमध्ये गेलो, अ‍ॅप्सच्या यादीत त्याचे नाव शोधले आणि ‘अनइन्स्टॉल’ हा हुकूम सोडला. यंत्राने काहीतरी विचारले. मी ‘होय’ म्हटले. काय विचारले ते वाचलेच नाही. ‘प्रश्न नीट वाचून मगच उत्तर लिहा’ असे वीस वर्षे मुलांच्या कानीकपाळी ओरडणारा मी! दोन मिनिटांत पडद्यावरचे ते चित्र नाहीसे झाले. मी हात झटकले आणि स्वयंपाकघरात जाऊन ही मोठी कामगिरी जाहीर केली. “एवढ्यात झालं?” असे आमच्या सौभाग्यवतींनी विचारले. तो प्रश्न किती मार्मिक होता हे पुढे कळले.

चौथ्या दिवशी सफाळ्याच्या फलाटावर ती मुलगी लॅपटॉप कापडी पिशवीत घालून माझ्यापुढे उभी राहिली.

“सर, ह्यात तुमचं काही राहिलंय.”

“काय राहणार? मी सगळं काढलंय.”

“तोच ब्राउझर मी परत घेतला, सर. अर्जाचं पान त्यावर नीट दिसतं, असं मैत्रीण म्हणाली. उघडला तर तुमचंच सगळं आलं. वरती एक अक्षर टाकलं तर तुमच्या बँकेचं पान उघडलं, त्यात तुमचं नाव आणि पासवर्डाचे ठिपके आपोआप पडले. आणि…” ती अडखळली. “आणि शोधलेल्या गोष्टींची यादी. मी फार वाचली नाही, सर. लगेच बंद केला.”

तेवढ्यात गाडी आली. ती बायकांच्या डब्यात चढली. मी पिशवी मांडीवर घेऊन बसलो आणि पालघर येईपर्यंत मान वर केली नाही. बँकेची भीती होतीच. पण खरी शरम त्या यादीची होती. माझी आई गेल्या चैत्रात गेली. शेवटचे चार महिने हा लॅपटॉप तिच्या खाटेजवळच्या टेबलावर होता. ती झोपली की रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मी त्यावर तिच्या आजाराविषयी वाचत बसे. डॉक्टरांना विचारायचा धीर होत नसे ते सगळे मी त्या यंत्राला विचारले होते. माणूस रात्री एकटा असताना जे विचारतो, ते दुसऱ्या दिवशी स्वतःलाही सांगत नाही. ते सगळे मी एका वीस वर्षांच्या मुलीच्या हाती देऊन मोकळा झालो होतो.

आता हे घडले कसे? माझा भाचा विरारला संगणकाच्याच कामावर आहे. पुढच्या रविवारी त्याला बोलावून घेतले. तो हसला नाही, ही त्याची कृपा. म्हणाला, “मामा, तुम्ही भाडेकरूला घालवलंत. त्याचं सामान मागच्या खोलीतच आहे.”

ही उपमा मला एकदम पटली. ब्राउझर म्हणजे जगभरची पाने आणून आपल्यापुढे मांडणारा कार्यक्रम. त्याला ‘न्याहाळक’ असा मराठी शब्द कोणीतरी घडवला आहे. शब्द चांगला आहे, पण दुकानात जाऊन न्याहाळक मागितला तर हातात चष्मा पडेल. इंग्रजी शब्दाचे मूळ पाहावे तर ते गुरांनी कोवळा पाला खुडत हिंडण्यात आहे. आपण ज्याला चरणे म्हणतो, तेच. जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ ह्या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली पहिला ब्राउझर लिहिला, तेव्हा पाने दाखवणे आणि लिहिणे एवढेच त्याचे काम होते. पुढे त्याला आठवण ठेवण्याची विद्या आली. १९९४ साली नेटस्केप कंपनीतल्या लू मोंटुली यांनी ‘कुकी’ नावाची युक्ती काढली. आपण एखाद्या संकेतस्थळावर गेलो की ते आपल्या ब्राउझरजवळ एक चिठ्ठी ठेवते आणि पुन्हा गेलो की त्या चिठ्ठीवरून आपल्याला ओळखते. त्यात पुढे पासवर्ड आले, जपून ठेवलेल्या पानांच्या खुणा आल्या, पत्ते आले, आणि कुठे कुठे हिंडलो त्याचा तारीखवार इतिहास आला.

हे सामान ब्राउझर स्वतःच्या खोलीत ठेवत नाही, हीच ह्यातली मेख आहे. मूळ कार्यक्रम असतो एका जागी. आपल्या आठवणींचे गाठोडे असते दुसऱ्या जागी. आपल्या नावाच्या कप्प्यात, ‘अ‍ॅपडेटा’ नावाच्या एका फोल्डरमध्ये. हा फोल्डर विंडोज सहसा दाखवतही नाही. घराला जसा माळा, तसा हा यंत्राचा माळा. असे का केले? तर आपल्याच भल्यासाठी. कार्यक्रम बिघडला, काढून पुन्हा बसवावा लागला, तरी आपल्या खुणा आणि पासवर्ड जाऊ नयेत म्हणून. म्हणजे जी सोय मालकासाठी केली, तीच यंत्र दुसऱ्याच्या हाती गेल्यावर त्याच्यावर उलटते. क्रोम काढताना एक छोटी चौकट पुढे येते आणि ‘तुमची माहितीही पुसू का?’ असे विचारते. त्या चौकटीत खूण केली नाही तर गाठोडे तसेच राहते. फायरफॉक्स काढला तरी त्याचे ‘प्रोफाइल’ नावाचे गाठोडे माळ्यावर राहतेच. तोच ब्राउझर पुन्हा बसवला की तो सरळ माळ्यावर जातो, गाठोडे खाली काढतो आणि जुना संसार थाटतो.

तेव्हा ब्राउझर समूळ काढायचा तर काय करावे, हे भाच्याने मला ओळीने शिकवले. मी ते वहीत उतरून घेतले, तसेच येथे देतो.

पहिली गोष्ट, काढण्याआधी दुसरा ब्राउझर बसवून ठेवावा. नाहीतर नवा आणायला जायचे कशाने? दुसरी, आपले जे ठेवायचे ते आधी बाजूला काढावे. जपलेल्या पानांच्या खुणा एका फाइलमध्ये काढून घेता येतात. पासवर्डही निघतात, पण ती फाइल उघड्या अक्षरांत असते, कोणीही वाचावी अशी. ती काम होताच नष्ट करावी. तिसरी, ब्राउझरमध्ये आपल्या खात्याने शिरलो असू तर आधी त्यातून बाहेर पडावे. खाते जोडलेले असताना यंत्रावरचा इतिहास पुसला, तर तो मोबाइलवरूनही पुसला जाऊ शकतो. उलट यंत्र कितीही स्वच्छ केले, तरी त्या खात्यात कंपनीच्या घरी ठेवलेली प्रत राहतेच. ती खात्यात जाऊन वेगळी पुसावी लागते.

चौथी, ब्राउझर पूर्ण बंद करावा. फुली मारली म्हणजे तो बंद झाला असे नाही. काही वेळा तो पडद्याआड चालू राहतो. टास्क मॅनेजर उघडून पाहावे. पाचवी, मग ‘अनइन्स्टॉल’ करावे, आणि विचारलेला प्रश्न वाचून उत्तर द्यावे. येथे भाच्याने माझ्याकडे पाहिले. मी वहीत पाहिले. सहावी, माळ्यावर चढावे. अ‍ॅपडेटामध्ये ‘लोकल’ आणि ‘रोमिंग’ असे दोन कप्पे आहेत. दोन्हींत त्या कंपनीचे नाव शोधावे आणि त्या ब्राउझरचे गाठोडे तेवढे काढावे. शेजारच्या गाठोड्याला हात लावू नये. सातवी, त्याने मागे ठेवलेला गडी पाहावा. स्वतःला अद्ययावत ठेवणारे एक काम तो ठरावीक वेळी लावून ठेवतो; टास्क शेड्यूलरमध्ये ते दिसते. त्याच कंपनीचे दुसरे काही यंत्रात नसेल तर तेही काढावे. विंडोजच्या रजिस्ट्रीतही त्याच्या बारीकसारीक नोंदी राहतात, पण तेथे पासवर्ड नसतात. जाणकार जवळ नसेल तर तिकडे फिरकूच नये. शेवटी कचऱ्याची टोपली रिकामी करावी. ब्राउझरने उतरवून दिलेल्या फाइली ‘डाउनलोड्स’मध्ये असतात, त्या त्याच्याबरोबर जात नाहीत. बँकेचे उतारे बहुधा तेथेच सापडतात!

“आणि एवढं करूनही,” भाचा म्हणाला, “यंत्र दुसऱ्याला द्यायचं असेल तर हे पुरेसं नाही.” कारण माझ्या जुन्या लॅपटॉपमधल्या तबकडीवरून फाइल पुसली म्हणजे अक्षरे पुसली जात नाहीत. ग्रंथालयातले कार्ड फाडले, तरी पुस्तक फळीवर असतेच. त्या जागी दुसरे पुस्तक येईपर्यंत कोणी चिकाटीने शोधले तर सापडते. म्हणून देण्याच्या यंत्रासाठी विंडोजमध्येच ‘रीसेट’ची सोय आहे. त्यात ‘सगळे काढून टाका’ हा पर्याय घ्यावा आणि तबकडी साफ करण्याचाही घ्यावा. त्याला काही तास लागतात. दोन मिनिटांत होणारे ते काम नव्हे.

ब्राउझर समूळ काढता येतो की नाही, ह्या प्रश्नावर अमेरिकेत मोठा खटला झाला होता, हे वाचून मला माझ्या अज्ञानाची लाज थोडी कमी वाटली. मायक्रोसॉफ्टने विंडोज ९८ मध्ये आपला इंटरनेट एक्सप्लोरर असा विणून टाकला होता की तो आता वेगळा काढता येत नाही, असे कंपनीचे म्हणणे होते. मे १९९८ मध्ये अमेरिकी सरकार कोर्टात गेले. प्रिन्स्टन विद्यापीठाचे प्राध्यापक एडवर्ड फेल्टन सरकारच्या बाजूने साक्षीला उभे राहिले. त्यांनी एक कार्यक्रम लिहून विंडोज ९८ मधून तो ब्राउझर वेगळा करून दाखवला, आणि तो खरोखर निघाला की नुसता झाकला, ह्यावर कोर्टात रणे माजली. म्हणजे माझ्या घरात झालेला वाद तेथे न्यायाधीशांपुढे झाला होता! जून २००० मध्ये न्यायमूर्ती जॅक्सन यांनी कंपनीचे दोन तुकडे करण्याचा हुकूम दिला. पुढच्याच वर्षी वरच्या कोर्टाने तो रद्द केला. कंपनीने मक्तेदारी राखण्यासाठी गैर मार्ग वापरले, हा निष्कर्ष मात्र मुख्यतः कायम ठेवला. अखेर तडजोड झाली.

काळाचा विनोद असा की, जो निघूच शकत नाही म्हटले, त्याला काढण्याची पाळी कंपनीवरच आली. १५ जून २०२२ रोजी इंटरनेट एक्सप्लोररचा आधार संपला आणि १४ फेब्रुवारी २०२३ च्या सुमारास बहुतेक विंडोज १० यंत्रांवर तो कायमचा बंद करण्यात आला. तरी त्याचा जीव गेला नाही. जुनी सरकारी आणि कचेरीतली पाने फक्त त्याच्यावरच चालत, म्हणून त्याच्या वारसदाराच्या, म्हणजे एजच्या पोटात त्याची एक खोली राखून ठेवली आहे. निदान २०२९ पर्यंत ती ठेवू असे कंपनीने सांगितले आहे. आणि हा एज तरी काढता येतो का? युरोपीय संघाच्या नव्या कायद्यामुळे २०२४ पासून तिकडच्या लोकांना तो नेहमीच्या मार्गाने काढता येऊ लागला. कायदा तिकडचा, सोयही तिकडचीच.

ह्याच सुमारास मी वर्गात एक प्रश्न टाकला: ‘अनइन्स्टॉल’ला मराठी काय म्हणाल? ‘इन्स्टॉल’ला स्थापित करणे म्हणतात, तेव्हा एक मुलगा तत्परतेने म्हणाला, “विस्थापित करणे.” व्याकरणाने उत्तर बिनचूक होते. पण मागच्या बाकावरची, बोईसरकडून येणारी एक मुलगी म्हणाली, “सर, आमच्याकडे तो शब्द माणसांना लावतात.”

वर्ग गप्प झाला. मीही. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ साली वीज देऊ लागल्या. पुढे चौथी आणि तिसरी आली, अनुक्रमे २००५ आणि २००६ साली. आणि त्यांच्यासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही दोन गावे आपल्या जागेवरून उठली. ज्या तालुक्यात हे घडले, तेथे हा शब्द यंत्रातल्या कार्यक्रमाला लावताना जीभ अडखळायलाच हवी. कार्यक्रमाला दुःख नसते. माणसाचे सामान गाडीत भरता येते, पण अंगणातले झाड आणि विहिरीची वाट भरता येत नाही. मी त्या मुलीला बसायला सांगितले आणि फळ्यावर लिहिले: ‘काढून टाकणे’. आपल्या आज्यांचा शब्द आहे, त्याने काम भागते.

आता त्या रविवारची एक गोष्ट सांगायची राहिली आहे. यंत्र साफ करण्याआधी काय ठेवायचे ते पाहायला भाच्याने मला इतिहासाची यादी उघडून दिली आणि तो चहा प्यायला गेला. माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. निवृत्तीनंतर नातवाकडून ती मराठी टंकायला शिकली होती आणि दुपारी मी कॉलेजात असताना कीर्तने ऐकायला हाच लॅपटॉप उघडत असे. तिच्या आजाराचे खरे नाव आम्ही तिला सांगितले नव्हते. डॉक्टरांशी बोलून मी घरी आलो होतो आणि “पोटाला सूज आहे, औषधाने उतरेल,” असे तिला सांगितले होते. ती “बरं” म्हणाली होती.

यादीत त्या दिवसाच्या आधीच्या मंगळवारी, दुपारी तीनच्या पुढे, एक ओळ होती. त्या आजाराचे खरे नाव, आणि तो झाल्यावर माणूस किती दिवस जगतो, असा सबंध प्रश्न. माझा तो नव्हता. त्या वेळी मी पालघरला वर्गावर होतो. आणि मी काही शोधताना दोन-तीन शब्द टाकतो, वाक्य करीत नाही. हे वाक्य पूर्ण होते, ऱ्हस्वदीर्घ अचूक होते आणि शेवटी प्रश्नचिन्ह होते. त्याच्या खाली दहा मिनिटांनी एक कीर्तनाचे पान उघडलेले होते.

म्हणजे मी खोटे बोललो तेव्हा तिला सगळे माहीत होते. आणि मला बरे वाटावे म्हणून ती “बरं” म्हणाली होती.

मी पहिल्याच दिवशी नीट प्रश्न वाचून ब्राउझर समूळ काढला असता, तर हे मला कधीच कळले नसते. म्हणून समूळ काढू नये, असे मी म्हणणार नाही. काढण्याआधी एकदा आपणच वाचावे, एवढेच म्हणतो. सामान आपले आहे. ते दुसऱ्याने उलगडण्यापेक्षा आपण उलगडावे. त्यातले काय ठेवायचे हे यंत्र सांगत नाही.

भाचा परत आला तेव्हा त्याने विचारले, “मामा, ह्यातलं काही ठेवायचंय?”

आईने जपलेल्या कीर्तनांच्या पानांच्या खुणा तेवढ्या मी फाइलमध्ये काढून घेतल्या. त्या ओळीचे काय, ह्याचा मी बराच वेळ विचार केला. ती ओळ तिने मला दाखवण्यासाठी लिहिली नव्हती. ती मी पुसू दिली. माझे रात्रीचे प्रश्नही तिच्याबरोबर गेले. यंत्र रात्रभर घरघरत राहिले आणि सकाळी पडद्यावर नवे नाव विचारत बसले होते.

ते नाव त्या मुलीचे घातले. पुढच्या आठवड्यात तिने अर्ज भरला. ह्या दिवाळीत आपण माळा झाडाल, कोनाडे पुसाल, तेव्हा यंत्राच्या माळ्यावरही एकदा चढा. आणि एखादे जुने यंत्र कोणाला देणार असाल, तर आधी चढा.

परवा फलाटावर ती भेटली. मी विचारले, “आता उघडल्यावर काही दिसतं का आमचं?”

“काहीच नाही, सर,” ती म्हणाली. “कोरं आहे. मी माझी पहिली खूण ठेवली. शिष्यवृत्तीच्या पानाची.”